न हलणारा व्होल्ट

भूस्थिर उपग्रहाला लांबट संक्रमण कक्षेत सोडताना रॉकेटचे शेवटचे इंजिन बंद होते, तेव्हा वेग सेकंदाला सुमारे १० किलोमीटर असतो. त्या क्षणी वेगात सेकंदाला १ मीटरची चूक राहून गेली, तर कक्षेचे दूरचे टोक ढोबळमानाने ६० किलोमीटर पुढेमागे सरकते. १० हजारांत १ एवढीच ती चूक. ती शिरण्याच्या वाटा अनेक आहेत. त्यांतली एक वाट मार्गदर्शन यंत्रणेच्या पेटीतल्या नखाएवढ्या भागातून जाते. या भागाला काम एकच दिलेले असते: ठरलेला विद्युतदाब धरून ठेवायचा आणि हलायचे नाही. अभियंते त्याला व्होल्टेज रेफरन्स म्हणतात. मराठीत संदर्भ-व्होल्ट म्हणू.

‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आपण लबाड दुकानदारासाठी वापरतो. मार्गदर्शन यंत्रणेत कुणीच लबाड नसतो, तरी मापात पाप शिरते. ते उष्णतेने शिरते, वयाने शिरते, सर्किटच्या पाटीवरच्या ताणाने शिरते, किरणोत्साराने शिरते. पूर्णपणे निष्पाप माप आजवर कुणाला बनवता आलेले नाही. तरीही रॉकेटे नेमक्या जागी पोहोचतात. हे कसे साधते, त्याचा हा आढावा.

तराजू आणि त्याचे दोन दोष

बाहेर न पाहता, आतल्या आतच आपला वेग आणि ठिकाण ओळखायचे, ही जडत्वीय मार्गदर्शनाची मूळ कल्पना. त्यासाठी लागतो त्वरणमापी. क्वार्ट्झच्या पातळ बिजागरीवर एक चिमुकले वस्तुमान टांगलेले असते. रॉकेट पुढे झेपावले की ते मागे राहू पाहते. त्याला चिकटवलेल्या वेटोळ्यातून करंट सोडून चुंबकाच्या जोरावर ते जागच्या जागी ढकलून धरतात. ते जागेवर ठेवायला जितका करंट लागला, तितके त्वरण. या जातीच्या प्रचलित त्वरणमापीत १ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाएवढ्या, त्वरणाला साधारण १.३ मिलिॲम्पिअर करंट लागतो. म्हणजे जीच्या दहा लाखाव्या भागाला १.३ नॅनोॲम्पिअर. पाटीवर राहिलेल्या बोटाच्या ठशातूनही एवढा करंट गळू शकतो.

संगणकाला करंट समजत नाही, त्याला आकडे हवेत. म्हणून हा करंट एका रेझिस्टरमधून नेऊन त्याचा दाब बनवतात आणि तो संदर्भ-व्होल्टशी ताडून त्याच्या मोजण्या करतात. या मोजण्यांची बेरीज म्हणजे वेग, वेगाची बेरीज म्हणजे अंतर. संदर्भ-व्होल्ट दहा लाखांत १०० भागांनी सरकला, तर प्रत्येक मोजणी त्याच प्रमाणात खोटी होते. सेकंदाला १० किलोमीटर वेग गाठेपर्यंत ती खोट सेकंदाला १ मीटरवर जाते. वर सांगितलेले ६० किलोमीटर ते हेच.

जुन्या तराजूच्या दोन खोडी असत. पारडी मुळातच असमान असली, तर हलक्या पारड्याला पासंग बांधावा लागे. आणि शेराचे वजनच झिजलेले असले, तर पासंग कितीही नीट बांधला तरी प्रत्येक शेरात तूट येई. त्वरणमापीचेही तसेच आहे. काहीच त्वरण नसताना तो जे दाखवतो, तो पासंग. तो वेळेबरोबर वाढतो. झिजलेल्या शेराची चूक मात्र वेगाबरोबर वाढते. संदर्भ-व्होल्टचे सरकणे मुख्यतः या दुसऱ्या खोडीत दिसते.

दोन वाटा

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत व्ही-२ रॉकेट घडत होते, तेव्हाच या विषयाच्या दोन वाटा फुटल्या. हे अस्त्र छळछावणीतल्या कैद्यांच्या श्रमावर उभे राहिले, ही गोष्ट त्याच्या अभियांत्रिकीबद्दल बोलताना विसरू नये. त्यातला प्रश्न साधा होता: ठरलेला वेग आला की इंजिन बंद करायचे. फ्रिट्झ म्यूलर यांनी जायरोस्कोपला मुद्दाम एका बाजूला जड केले. त्वरणामुळे तो स्वतःभोवती सावकाश वळे आणि एकूण किती वळला यावरून वेग कळे. यात विद्युतदाबावर विसंबायची गरजच नव्हती.

दुसरी वाट बुखहोल्ड आणि वाग्नर यांची. त्यांच्या यंत्रात त्वरणाच्या प्रमाणात करंट निघे आणि तो एका रासायनिक कुपीतून वाहे. कुपीत आधी मोजून भरलेला विद्युतभार संपला की दाब एकदम उडी घेई आणि इंजिन बंद होई. इथे सगळा भरवसा करंटवर होता.

म्यूलर यांच्या वाटेचे वारसदार पुढे अमेरिकेच्या आंतरखंडीय क्षेपणास्त्रांत बसले आणि अतिशय अचूक ठरले. पण ती यंत्रे घडवायला फार अवघड आणि फार महाग. बाकीच्या जगाने बहुतांशी करंटची वाट धरली. ती धरली की न हलणारा करंट हवा, आणि त्यासाठी आधी न हलणारा व्होल्ट हवा.

काचेतून सिलिकॉनकडे

असा व्होल्ट प्रयोगशाळेत पूर्वीच होता. एडवर्ड वेस्टन यांचा १८९३ सालचा सेल इंग्रजी एच अक्षराच्या आकाराच्या काचनळीत बसे. आत पारा आणि कॅडमियम. २० अंश सेल्सियसला तो १.०१८६ व्होल्ट देई. १९११ पासून कित्येक दशके जगाचा व्होल्ट याच काचेत राहिला. पण त्याच्याकडून करंट मागितला की तो बिघडे, आणि हलवला-कलंडला की रुसे. रॉकेटमध्ये तर हादऱ्याशिवाय दुसरे काही नसते. काचेतला व्होल्ट जमिनीवरच राहणार, हे उघड होते.

उड्डाणाला चालणारा व्होल्ट सिलिकॉनने दिला. विद्युतरोधक पदार्थ तीव्र क्षेत्रात कसा फुटतो, याचे गणित क्लॅरेन्स झेनर यांनी १९३४ मध्ये मांडले. सिलिकॉनच्या डायोडला उलटा दाब दिला की ठरावीक ठिकाणी तो वाहू लागतो आणि त्यानंतर दाब जवळजवळ तिथेच थांबतो. अशा डायोडला त्यांच्याच नावावरून झेनर म्हणतात. या फुटण्याच्या दोन तऱ्हा आहेत. ५ व्होल्टच्या खाली इलेक्ट्रॉन भिंतीतून आरपार निसटतात. अशा डायोडचा दाब तापमान वाढले की उतरतो. ६ व्होल्टच्या वर एक इलेक्ट्रॉन दुसऱ्याला धडकून दरड कोसळावी तसा लोंढा सुटतो. तिथे दाब तापमानाबरोबर चढतो. मग अभियंत्यांनी चढणाऱ्या डायोडला नेहमीच्या दिशेने वाहणारा एक उतरणारा डायोड जोडला. चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात. वन-एन-८२९ हा ६.२ व्होल्टचा डायोड याच जातीचा. ७.५ मिलिॲम्पिअर करंट दिल्यास तो दर अंशाला दहा लाखांत फार तर ५ भाग हलतो.

दर अंशाला ५ भाग ऐकायला क्षुल्लक वाटते. पण पेटीचे तापमान २० अंशांनी बदलले की १०० भाग होतात आणि ते ६० किलोमीटर पुन्हा समोर उभे राहतात. म्हणून झेनरबरोबरच तापमान बांधून ठेवण्याची विद्याही वाढली.

चंद्राच्या वाटेवर

अपोलोच्या मार्गदर्शन यंत्रणेत हा सगळा विचार एकत्र आलेला दिसतो. ती यंत्रणा एमआयटीत चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांच्या प्रयोगशाळेत रचली गेली. तिच्या त्वरणमापीत एक लोलक होता आणि त्याला जागेवर ठेवण्यासाठी ठरावीक करंटचे ठोके दिले जात, एकदा एका बाजूने, एकदा दुसऱ्या बाजूने. दोन बाजूंच्या ठोक्यांतला फरक म्हणजे वेगातला बदल. मुख्य यानात एक ठोका सेकंदाला ५.८५ सेंटिमीटर वेगाचा. चंद्रावर उतरणाऱ्या यानात सेकंदाला १ सेंटिमीटरचा.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. संगणक फक्त ठोके मोजत होता. एक ठोका म्हणजे नेमका किती वेग, हे ठरवणारा होता ठोक्याचा करंट. दोन बाजूंचे ठोके असमान झाले तर पासंग बिघडणार, दोन्ही मिळून सरकले तर शेर झिजणार. म्हणून त्या यंत्रणेत अचूक व्होल्टेज रेफरन्सचा वेगळा भाग होता. करंट एका रेझिस्टरमधून जाई, त्याच्या दोन टोकांमधला दाब या रेफरन्सशी ताडला जाई आणि फरक दिसला की करंट लगेच दुरुस्त होई. त्वरणमापी सुमारे ५४ अंश सेल्सियसवर ऊबेत ठेवलेले असत.

इतके करूनही पासंग उरतच असे. मग रचनाकारांनी संगणकात पासंग आणि मापाच्या चुकीसाठी जागा राखली आणि प्रत्येक वाचनातून ती चूक वजा करणारा प्रोग्रॅम लिहिला. यान इंजिन बंद करून तरंगत असताना त्वरणमापीने शून्य दाखवायला हवे. तेव्हा तो जे दाखवी, तो शुद्ध पासंग. जमिनीवरचे लोक तो पाहत आणि गरज पडली की नवा आकडा यानाच्या स्मृतीत बदलून घेत. अपोलो १३ मध्ये वीज वाचवण्यासाठी मुख्य यान बंद करावे लागले आणि ही ऊबेत राहायची यंत्रणा गार पडली. परतीच्या शेवटी ती पुन्हा सुरू केली, तेव्हा ती चालेल की नाही ही धास्ती खरी होती. ती चालली.

पुरलेला झेनर आणि सिलिकॉनची फट

पुढचा टप्पा चिपचा. साध्या झेनरचे फुटणे सिलिकॉनच्या पृष्ठभागाजवळ होई आणि वरच्या ऑक्साइडमधले भार त्यात गोंगाट घालत आणि दाब सरकवत. उपाय असा निघाला की फुटण्याची जागा पृष्ठभागाखाली पुरायची. १९७०च्या दशकात बॉब डॉबकिन यांनी नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये रचलेला एलएम १९९ असा होता. त्याच चिपवर एक लहानशी शेगडीही होती. आजूबाजूला काहीही असो, चिप स्वतःला ९० अंशांच्या आसपास तापवून ठेवी. गरम का, गार का नाही? कारण शेगडी फक्त तापवू शकते. म्हणून बाहेरच्या सर्वांत कडक उन्हापेक्षाही वरचे तापमान निवडावे लागते. अशा रीतीने दर अंशाचे सरकणे दहा लाखांत १ भागाच्या आत आले. डॉबकिन यांनीच पुढे लिनिअर टेक्नॉलॉजीत घडवलेला एलटीझेड १००० तर दर अंशाला ०.०५ भागापर्यंत पोहोचला. आजही प्रयोगशाळांतल्या उत्तम मोजणी-यंत्रांच्या पोटात तो सापडतो. शेगडीची किंमत मात्र मोजावी लागते: ती वीज खाते, आणि जितकी ती गरम तितके चिपचे वय लवकर वाढते.

दुसरी वाट बँडगॅपची. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर यांच्यामधला दाब दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. वेगवेगळ्या घनतेने करंट वाहणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांच्या दाबांतला फरक तापमानाबरोबर चढतो. योग्य प्रमाणात बेरीज केली की चढउतार मिटतात आणि १.२ व्होल्टच्या आसपासची बेरीज उरते. ती सिलिकॉनच्या ऊर्जाफटीशी जुळते, म्हणून हे नाव. डेव्हिड हिल्बिबर यांनी १९६४ मध्ये ही कल्पना मांडली, बॉब विडलर यांनी १९७१ मध्ये ती चिपवर आणली, आणि पॉल ब्रोकॉ यांनी १९७४ मध्ये तिला आज सर्वत्र दिसणारी घडण दिली. बँडगॅपला थोडा दाब आणि थोडी वीज पुरते. गोंगाटात आणि दीर्घकाळच्या सरकण्यात तो पुरलेल्या झेनरच्या मागे असतो. म्हणून पेटीतल्या अनेक दुय्यम कामांना बँडगॅप, आणि जिथे वेग ठरतो तिथे झेनर, अशी वाटणी बऱ्याच ठिकाणी दिसते.

२०००च्या दशकात तिसरा प्रकार आला: रोधकाने वेढलेल्या एका बेटावर विद्युतभार कोंडायचा आणि त्याचाच दाब संदर्भ मानायचा. वीज नगण्य लागते, कामगिरी सुरेख. पण किरणोत्सारात तो भार गळतो. जमिनीवर ठीक, अंतराळाला हा धोका परवडत नाही.

करंटची अवघड बाजू

न हलणारा करंट म्हणजे न हलणारा व्होल्ट भागिले न हलणारा रेझिस्टर. त्यामुळे रेझिस्टरही तितकाच मोलाचा. वेस्टन यांचे नाव इथेही आहे: तापमानाने जवळजवळ न बदलणारा मँगॅनिन हा मिश्रधातू त्यांनीच शोधला. पुढे फेलिक्स झँडमन यांनी धातूची पातळ पन्नी बैठकीवर चिकटवून असा रेझिस्टर केला, की पन्नीच्या रोधातला बदल आणि बैठकीने पन्नीला दिलेला ताण एकमेकांना रद्द करतात. चढाला उताराची जोड देण्याची झेनरमधली युक्तीच इथे धातूत आली.

कारखान्यात या विषयाची खरी कसोटी लागते ती जोडणीत. तांब्याची तार चिपच्या पायातल्या कोवार या मिश्रधातूला भेटते तिथे दर अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट निर्माण होतात. दोन पायांत १ अंशाचा फरक पडला, तर ७ व्होल्टच्या रेफरन्सवर दहा लाखांत ५ भागांहून जास्त चूक झाली, आणि त्यात चिपचा काहीच दोष नाही. सोल्डरिंगच्या उष्णतेने पाटीत ताण राहतो; प्लॅस्टिकच्या वेष्टनात दमटपणा शिरतो आणि सिलिकॉनवर दाब येतो; गरम-गार फेऱ्यांनंतर भाग मूळ आकड्यावर परतत नाही. म्हणून महत्त्वाच्या जागी हवाबंद धातूचे किंवा सिरॅमिकचे वेष्टन वापरतात, आणि भाग बसवण्याआधी कित्येक आठवडे चालवून मुरवतात. क्षेपणास्त्र तर वर्षानुवर्षे बंद नळकांड्यात उभे राहते आणि मग अचानक त्याच्याकडून काही मिनिटांची निर्दोष सेवा मागितली जाते. तिथे भागाची आजची अचूकता बघून भागत नाही. तो पाच वर्षांनी कुठे असेल, हे आज सांगता यायला हवे.

पृथ्वीचा शेर

एवढ्या लांब साखळीची परीक्षा घेणारा एक शेर मात्र फुकट आणि भरवशाचा आहे: पृथ्वीचे गुरुत्व. जमिनीवर उभ्या त्वरणमापीला नेहमी १ जी जाणवतो. गुरुत्व विषुववृत्तापाशी ९.७८० आणि ध्रुवांपाशी ९.८३२ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. म्हणून चाचणीच्या जागेचे गुरुत्व आधी मोजून ठेवतात. मग त्वरणमापी एकदा सुलट आणि एकदा उलट धरतात. दोन वाचनांच्या बेरजेतून पासंग निघतो, वजाबाकीतून शेराची झीज. लबाड तराजू ओळखायला माल एका पारड्यातून दुसऱ्यात टाकून बघतात, तीच ही रीत. या परीक्षेत झेनर, रेझिस्टर, चुंबक, बिजागरी अशी सगळी साखळी एकदम तपासली जाते. दोष कोणाचा हे कळले नाही तरी एकूण चूक किती हे कळते.

प्रयोगशाळेतल्या व्होल्टची साखळी मात्र निराळी. १९६२ मध्ये केंब्रिजच्या २२ वर्षांच्या ब्रायन जोसेफसन यांनी गणिताने दाखवले, की दोन अतिवाहकांमधल्या पातळ रोधकावर सूक्ष्मलहरी सोडल्या की दाब फक्त त्या लहरींच्या वारंवारतेवर ठरतो. १९९० पासून १ व्होल्टसाठी ४,८३,५९७.९ गिगाहर्ट्झ हा आकडा जगाने मान्य केला. २० मे २०१९ ला एकके नव्याने ठरली, तेव्हा त्यात दहा दशलक्षांत सुमारे १ भागाचा बदल झाला. हा व्होल्ट वयाने हलत नाही. पण त्याला उणे २६९ अंशांच्या आसपासची थंडी लागते. म्हणून तो रॉकेटमध्ये जात नाही; तो प्रयोगशाळेतल्या झेनरला शिकवतो आणि झेनर पुढच्याला. भारतात ही गुरुपरंपरा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सुरू होते. पुण्या-मुंबईच्या मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन प्रयोगशाळांतला व्होल्टही तिच्यापर्यंत पोहोचणाऱ्या साखळीतलाच असतो.

भारताला हा विषय पुस्तकातून नव्हे, अडवणुकीतून शिकावा लागला. १९८७ मध्ये सुरू झालेल्या क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेच्या यादीत त्वरणमापीही आहेत, आणि मोजपट्टी आहे मापाच्या पुनरावृत्तीची: दहा लाखांत १,२५० भागांहून चांगले असले तर निर्यातीवर नियंत्रण. म्हणजे ‘माप किती कमी हलते’ हीच बंदीची व्याख्या. भारत या व्यवस्थेचा सदस्य झाला तो जून २०१६ मध्ये. तोवर इस्रोच्या तिरुवनंतपुरममधल्या जडत्वीय यंत्रणा विभागाने स्वतःचे जायरो आणि त्वरणमापी घडवले होते. चंद्रयान ३ ने २३ ऑगस्ट २०२३ ला अलगद पाय टेकवले, त्यामागे लेसर जायरो आणि त्वरणमापीची जी जोडपेटी होती, तिच्यात ही सगळी मुरलेली विद्या होती. ती विकत मिळत नाही, आणि म्हणूनच ती जपायला हवी.

काळाकडे झुकाव

आज रचनाकारांचा कल स्पष्ट दिसतो: शक्य तिथे व्होल्टऐवजी काळ वापरायचा. बाहेरच्या कामात व्होल्ट दहा लाखांत १ भागापर्यंत स्थिर ठेवणे ही मोठी कामगिरी मानतात. उबदार पेटीतला क्वार्ट्झ आंदोलक त्याहून कित्येक पटींनी स्थिर असतो, अणुघड्याळ तर आणखी खूपच. म्हणून कंप पावणाऱ्या तुळईचे त्वरणमापी आले; त्वरण बदलले की त्यांची वारंवारता बदलते आणि संदर्भ म्हणून घड्याळ पुरते. लेसर जायरोत मोजपट्टी प्रकाशलहरीची आहे. थंड केलेल्या अणूंच्या लहरींनी त्वरण मोजण्याची वाट १९९१ मध्ये कासेविच आणि चू यांनी दाखवली. तिथेही पट्टी लेसरचीच.

उलट चिपवरच्या सूक्ष्मयांत्रिक त्वरणमापीत व्होल्टचे महत्त्व वाढलेले आहे. त्यांपैकी ज्यांत वस्तुमान स्थिरविद्युत बलाने जागेवर धरतात, तिथे बल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्ट १० भाग हलला की माप २० भाग हलते. स्वस्त आणि लहान यंत्रांचा प्रसार जितका होईल, तितकी चांगल्या संदर्भ-व्होल्टची गरज वाढेल. व्होल्ट निवृत्त होईल, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा.

इतक्या वर्षांच्या या खटाटोपातून माझ्या मते एकच शिकवण निघते. ‘अचूक’ या शब्दात ‘चूक नसणे’ आहे, पण हे शास्त्र त्या अर्थावर उभे नाही. काही भागांनी चुकीचा असलेला, पण तिथेच ठाम बसलेला रेफरन्स उपयोगी पडतो, कारण त्याची चूक वजा करता येते. आज बरोबर आणि उद्या कुठे कोण जाणे, असा रेफरन्स निरुपयोगी. म्हणून उत्तम संदर्भ-व्होल्टच्या दाखल्यावर ‘हे ७ व्होल्ट आहेत’ एवढेच कधी लिहिलेले नसते. तिथे लिहिलेले असते: अमुक तारखेला, अमुक तापमानाला, इतके व्होल्ट, आणि त्याच्यापुढे इतकी शंका. त्या शंकेचा आकडा लिहिण्याचा प्रामाणिकपणा पेटीत उतरतो, तेव्हाच रॉकेट त्याच्या जागी पोहोचते.